रॉकेल, पाणी आणि दोन जुळे धातू

आमच्या गेवराईत रेशनवर रॉकेल मिळायचं, आठवतंय? बाटलीत पाणी आणि रॉकेल टाकून कितीही हलवा, थोड्या वेळात रॉकेल वर, पाणी खाली. आजची गोष्ट याच बाटलीची.

१७८९ मध्ये क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने झिर्कोनियम ओळखलं. पण त्यात आणखी एक धातू लपलाय, हे कळायला १३४ वर्षं गेली! १९२३ मध्ये कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशी यांनी क्ष-किरणांच्या मदतीने तो पकडला. त्याचं नाव हाफ्नियम. दोघांच्या अणूंचा आकार जवळपास एकच, वागणूकही तशीच. खाणीत, वाळूत, सगळीकडे जोडीनेच सापडतात.

मग राहू द्या की एकत्र! वेगळे कशाला करायचे?

कारण अणुभट्टी. तिथे इंधनाच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. हाफ्नियम मात्र त्याच्या शेकडो पट गिळतो, आणि न्यूट्रॉनच संपले तर भट्टी चालणार कशी? खनिजात झिर्कोनियमच्या साधारण २ टक्के हाफ्नियम असतो. तो दहा लाखांत १०० भागांच्या खाली आणावा लागतो.

आता आपली बाटली. धातूंचं मिश्रण नायट्रिक आम्लाच्या पाण्यात विरघळवतात. रॉकेलमध्ये ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचं रसायन मिसळतात. दोन्ही एकत्र घुसळले की झिर्कोनियम जास्त करून रॉकेलकडे जातं, हाफ्नियम बराचसा पाण्यात मागे राहतो. एका घुसळणीत काम होत नाही. म्हणून पाणी एका बाजूने, रॉकेल उलट बाजूने सोडून टप्प्याटप्प्याने तेच पुन्हा पुन्हा करतात.

आपल्याकडे १९६९ मध्ये तारापूरची वीज सुरू झाली, तीही अशाच नळ्यांच्या भरवशावर. १९७१ मध्ये हैदराबादला न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स उभं राहिलं. म्हणजे १९५६ पर्यंत आपलं गेवराई ज्या हैदराबाद राज्यात होतं, त्याच्या राजधानीत! केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूतला झिर्कॉन तिथे नळ्यांपर्यंत पोचू लागला.

आणि तो बाजूला काढलेला हाफ्नियम? काही अणुभट्ट्यांत त्याच्याच नियंत्रण-कांड्या बनवतात. न्यूट्रॉन गिळायची जी खोड नळीत नको होती, तीच भट्टीला लगाम घालायला कामी येते.

भेटू पुढच्या भागात!