क्वांटम ऑफ सोलेस

जेम्स बाँड चित्रपटमालिकेतील २२वा चित्रपट आणि डॅनियल क्रेगचा दुसरा बाँडपट. ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, तर अमेरिकेत १४ नोव्हेंबरला प्रदर्शित. दिग्दर्शन मार्क फॉर्स्टर. पटकथा पॉल हॅगिस, नील पर्व्हिस व रॉबर्ट वेड. छायालेखन रॉबर्टो शेफर. संगीत डेव्हिड अर्नोल्ड. निर्मितीखर्च सुमारे २० कोटी डॉलर, जगभरातील तिकीटविक्री ५८ कोटी डॉलरच्या वर. लांबी १०६ मिनिटे, मालिकेतील सर्वांत कमी. गल्ला चांगला जमला. पण क्रेगच्या पाच बाँडपटांत याचे नाव बहुधा नाखुशीनेच घेतले जाते. त्यातला काही दोष चित्रपटाच्या पदरी खरोखर आहे, काही मात्र त्याच्यावर अन्याय करणारा आहे.

मागचा बाँडपट पाहिला नसला तरी पुढच्याचे काही अडत नाही, ही जुनी रीत या चित्रपटाने मोडली. ‘कसिनो रोयाल’ (२००६) जिथे संपतो, तिथून तासाभरात याची गोष्ट सुरू होते. बाँडची प्रेयसी व्हेस्पर लिंड व्हेनिसमध्ये बुडून मेली आहे. तिने आपल्याला फसवले की वाचवले, हे बाँडला अजून उमगलेले नाही. तिच्या मृत्यूमागच्या संघटनेतला, पायाला गोळी लागलेला मिस्टर व्हाइट बाँडच्या ॲस्टन मार्टिनच्या डिकीत कोंबलेला आहे. पुढे सिएना, हैती, ऑस्ट्रियातील ब्रेगेंझ, बोलिव्हिया आणि शेवटी रशियातील कझान अशी धाव आहे. ‘क्वांटम’ या गुप्त संघटनेचा डोमिनिक ग्रीन (मातिए आमालरिक) पर्यावरणरक्षणाच्या बुरख्याआड राहून जनरल मेद्रानोला बोलिव्हियाची सत्ता मिळवून देण्याचा सौदा करतो आणि बदल्यात वाळवंटाचा एक तुकडा मागतो. अमेरिकी गुप्तहेरांना वाटते, तिथे तेल आहे. प्रत्यक्षात ग्रीनने जमिनीच्या पोटात धरण बांधून पाणी अडवून ठेवलेले असते.

नाव इयान फ्लेमिंगच्या एका कथेचे आहे. ती ‘फॉर युवर आइज ओन्ली’ (१९६०) या संग्रहात आहे. कथेत बाँड नुसता श्रोता असतो आणि बहामाचा गव्हर्नर त्याला एका मोडलेल्या संसाराची हकीकत सांगतो. ते कथानक चित्रपटाने घेतले नाही.

चित्रपटाच्या उणिवांचे मूळ त्याच्या वेळापत्रकात आहे. अमेरिकेतील पटकथाकारांच्या संघटनेचा संप ५ नोव्हेंबर २००७ रोजी सुरू झाला. हॅगिसने आपला खर्डा संपाच्या तोंडावर हातावेगळा केला होता. १२ फेब्रुवारी २००८ला संप मिटेपर्यंत चित्रीकरण सुरूही झाले होते आणि प्रदर्शनाची तारीख कधीच ठरलेली होती. लेखक हाताशी नसल्याने आपण व दिग्दर्शक मिळूनच प्रसंगांची डागडुजी करीत होतो, हे क्रेगने पुढे मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले आहे. त्याच्या खुणा पडद्यावर दिसतात. ‘क्वांटम’ ही जगभर हातपाय पसरलेली संघटना म्हणून उभी केली जाते, पण तिला नेमके काय साधायचे आहे हे कळत नाही. ग्रीन गुळगुळीत बोलणारा, डोळ्यांनीच घाबरवणारा माणूस आहे, आणि आमालरिक ते फार चांगले करतो. तरी शेवटच्या मारामारीत पटकथेला त्याच्या हाती कुऱ्हाड देण्यापलीकडे काही सुचत नाही, आणि तीही तो स्वतःच्याच पायावर मारून घेतो. जेमा आर्टर्टनची एजंट फील्ड्स येते आणि ओळख पटते न पटते तोच कच्च्या तेलात माखलेल्या अवस्थेत पलंगावर मृत आढळते. ‘गोल्डफिंगर’मधील (१९६४) सोन्याने मढवलेल्या मृतदेहाची ही आठवण आहे. पण त्या तरुणीचा जीव या आठवणीसाठीच घेतला गेला असे वाटत राहते.

दुसरी, अधिक गंभीर उणीव संकलनाची. ‘बोर्न’ चित्रपटांनी तेव्हा हेरपटांची चाल बदलून टाकली होती. त्यांतील दोन चित्रपटांचे सेकंड युनिट सांभाळणारा डॅन ब्रॅडली इथेही त्याच कामावर होता, आणि ‘द बोर्न सुप्रीमसी’च्या संकलकांपैकी रिचर्ड पिअर्सन इथे मॅट चेसच्या जोडीला होता. पद्धत त्यांनी सोबत आणली. पण ती या नायकाला बसते का, याचा विचार कमी पडला. जेसन बोर्न हा पाठलाग होणारा माणूस आहे. आपण कोण, मागे कोण लागले आहे, हे त्यालाच माहीत नसते. म्हणून हलता कॅमेरा आणि तुटक दृश्ये त्याचा गोंधळ आपल्यापर्यंत पोहोचवतात. बाँड शिकारी आहे. समोरचा कुठे आहे आणि आपण कुठून झेप घेणार आहोत, हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रेक्षकालाच ते दिसले नाही, तर बाँडचे कसब पाहायचे कसे? गार्डा सरोवराच्या काठावरचा सलामीचा पाठलाग कड्यात कोरलेल्या अरुंद रस्त्यावरून संगमरवराच्या खाणीत उतरतो. जागा अशी की कॅमेरा नुसता स्थिर ठेवला असता तरी श्वास रोखला गेला असता. पण काळी गाडी कुठली आणि कुणाचे चाक घसरले हे कळायच्या आत दृश्य बदलते. याच चित्रीकरणात, एप्रिल २००८मध्ये, एक स्टंट ड्रायव्हर गंभीर जखमी झाला. माणसांनी जीव धोक्यात घालून जे खरोखर केले, ते नीट पाहू न देणे हा या चित्रपटाचा सर्वांत मोठा अपराध म्हटला पाहिजे.

सिएनातील मारामारी त्यातून बरीचशी वाचते. पालिओची घोड्यांची शर्यत वर चौकात चाललेली, खाली भुयारात व्हाइटची चौकशी. मग पळणाऱ्या फितुरामागे बाँडची छपरांवरून धाव आणि एका काचेच्या घुमटातून दोघेही खालच्या परांचीच्या सांगाड्यात कोसळतात. दोरांना लटकलेले दोन देह एकमेकांभोवती गरगरतात, पिस्तुले हातांतून निसटतात, आणि बाँडचा पाय दोरात अडकतो. उलटा लोंबकळत तो पिस्तुलाकडे हात लांबवतो. समोरच्याच्या हातीही शस्त्र येत असते. इथे वर-खाली, जवळ-लांब सगळे कळते, म्हणून अर्ध्या सेकंदाचा फरकही जाणवतो.

आणि ब्रेगेंझ. कॉन्स्टन्स सरोवरावरील तरंगत्या रंगमंचावर पुचिनीच्या ‘तोस्का’चा प्रयोग चालू आहे, मागे भलामोठा डोळा. ‘क्वांटम’ची मंडळी प्रेक्षकांत विखरून बसलेली असतात आणि कानातल्या यंत्रांवरून बैठक चालते. बाँड एक यंत्र हस्तगत करून काही वेळ ऐकतो, मग मध्येच बोलतो. दचकून एकेक जण उठू लागतो, आणि उठेल त्याचा फोटो बाँड टिपत जातो. मिस्टर व्हाइट तेवढा जागचा हलत नाही. पुढच्या गोळीबारात गोळ्यांचे आवाज काढून टाकले आहेत. रंगमंचावरचा मृत्यू आणि भोजनगृहातली पळापळ एकाच संगीतावर चालतात. ‘मॉन्स्टर्स बॉल’ आणि ‘द काइट रनर’ करणाऱ्या दिग्दर्शकाला बाँडपट का द्यावा, याचे उत्तर या प्रसंगात मिळते. क्रेगच्या काळातील सर्वोत्तम प्रसंगांत त्याची गणना व्हायला हवी.

पाण्याचा विषयही धाडसाचा होता. त्यामागे खरी घटना आहे. बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेल्यावर दर भडकले, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २०००मध्ये सरकारला तो करार रद्द करावा लागला. चित्रपटात कोरड्या नळाभोवती रिकामी भांडी घेऊन उभी असलेली माणसे दिसतात. पाण्याच्या रांगेत उभे राहिलेल्याला तो खलनायक समजावून सांगावा लागत नाही. खेद हा की, ती माणसे काही क्षणच दिसतात. बोलिव्हियाचे वाळवंट म्हणून जे दिसते, तो चिलीतील अटाकामा. शेवटी जळणारे हॉटेल म्हणजे बाहेरून पारानाल वेधशाळेतील शास्त्रज्ञांचे निवासस्थान. या मुलखाचा बराच भाग चिलीबरोबरच्या १८७९च्या युद्धापूर्वी बोलिव्हियाचाच होता. ती जखम अजून ओली असल्याने तिथल्या एका महापौराने चित्रीकरणाच्या जागी गाडी घालून निषेध केला होता.

ज्याच्यामुळे हा चित्रपट टिकेल, ती गोष्ट मात्र क्रेगचे दुःख. विमानातल्या बारपाशी बाँड झोपेविना बसलेला असतो. काय पितोस, असे त्याचा जुना सहकारी रेने मॅथिस (जानकार्लो जानिनी) विचारतो. बाँड म्हणतो, माहीत नाही. मग बारमन घटक सांगतो. मागच्या चित्रपटात याच पेयाला बाँडने व्हेस्परचे नाव दिले होते. आता ते नाव तो उच्चारत नाही. पुढे मॅथिस त्याच्या मिठीत प्राण सोडतो आणि बाँड त्याचे शव कचऱ्याच्या पेटीत ठेवून, पाकिटातले पैसे काढून घेऊन निघून जातो. हा प्रसंग अनेकांना क्रूर वाटला; पण त्या क्षणी बाँड आतून किती रिता झाला आहे, हे याहून नेमके दाखवता आले नसते. ओल्गा कुरिलेंकोची कमिल स्वतःच्या कुटुंबाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेली आहे. तिचे आणि बाँडचे नाते शय्येपर्यंत जात नाही, आणि ते योग्यच आहे. दोन शोक शेजारी बसतात, एवढेच. कझानच्या थंडीत व्हेस्परला नादी लावणारा माणूस समोर सापडल्यावर बाँड त्याला मारत नाही. ताब्यात देतो आणि तिचा हार बर्फात टाकून चालू लागतो. बाँडची वरिष्ठ, जुडी डेंचची एम, हे सारे पाहत असते. ती आणि क्रेग एकत्र असतात तेव्हा चित्रपटाची घाई थांबते. एरवी वेग आहे तो बाँडच्या अस्वस्थतेचा, आणि म्हणूनच १०६ मिनिटे पुरेशी वाटतात.

‘स्कायफॉल’ने (२०१२) सॅम मेंडिसच्या हाती कॅमेरा पुन्हा शांत केला आणि १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, ‘स्पेक्टर’मध्ये (२०१५) ‘क्वांटम’ला त्याच नावाच्या मोठ्या संघटनेची शाखा करून टाकले. स्वतंत्रपणे पाहिल्यास ‘क्वांटम ऑफ सोलेस’ अपुरा वाटतो. तो ‘कसिनो रोयाल’च्या लागोपाठ, त्याच बैठकीत पाहावा, दोन्ही मिळून ४ तास १० मिनिटे लागतात.