बायॉस-त्रुटिसंदेश : जुने असेंबल्ड संगणक (रेवस परिसर)

सुटे भाग आणून घरीच जोडलेला, दहा-पंधरा वर्षे वापरातला संगणक सुरू करताना काळ्या पडद्यावर वारंवार उमटणारे इशारे, त्यांची कारणे व उपाय. रेवस हे रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील, धरमतर खाडीच्या मुखाशी करंजासमोर असलेले बंदर. तेथील हवेचा या विषयाशी संबंध आहे. तो पुढे येईल.

पूर्वपीठिका. १९८१च्या आयबीएम पीसीत जोडणीची माहिती मदरबोर्डवरील बारीक खटक्यांनी द्यावी लागे. १९८४च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळ-चिप आली. तिच्यात ६४ बाइट स्मृती होती. त्यांतील १४ घड्याळाकडे गेल्या, ५० उरल्या, आणि त्या ५० बाइटांत संगणकाची जोडणी नोंदली जाऊ लागली. वीज गेल्यावरही ही नोंद टिकावी म्हणून बॅटरी आली. चिपच्या बनावटीवरून या स्मृतीला ‘सीमॉस’ म्हणतात. नाव आजही चालते, चिप मात्र केव्हाच मोठ्या चिपमध्ये विरघळली. संगणक सुरू होताना ही नोंद वाचणारे फर्मवेअर म्हणजे बायॉस. ते लिहिणाऱ्या कंपन्यांत अवॉर्ड (१९९८मध्ये फिनिक्समध्ये विलीन), फिनिक्स व अमेरिकन मेगाट्रेंड्स या प्रमुख. शेवटची १९८५मध्ये स्थापन झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक सुब्रमोनियन शंकर.

संदेश. इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांच्या पुस्तिकांत त्रुटिसंदेशांचा छोटा तक्ता असतो. त्यातील ‘सीमॉस बॅटरी लो’, ‘सीमॉस चेकसम बॅड’ (नोंदीची पडताळणी-बेरीज जुळत नाही) व ‘मेमरी साइझ डिक्रीज्ड’ (रॅम घटली) हे तीन येथे महत्त्वाचे. अवॉर्ड बायॉस दुसरा संदेश ‘सीमॉस चेकसम एरर – डीफॉल्ट्स लोडेड’ असा देते आणि एफ१ दाबायला सांगते. घरोघरी रोज एफ१ दाबून काम चालवले जाते. संदेश फर्मवेअर देते म्हणून दोष फर्मवेअरचा, असा समज सर्वत्र आहे. बहुतेक वेळा फर्मवेअर केवळ निरोप्या असते.

सेल. पहिल्या दोन संदेशांमागे बहुधा वर आलेली बॅटरी असते. ती म्हणजे बोर्डावरचा गोल चपटा सेल, बहुधा सीआर२०३२. नावातच माप आहे : व्यास २० मि.मी., जाडी ३.२ मि.मी. दाब ३ व्होल्ट, साठा सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपणाऱ्या स्फटिकावर घड्याळ चालते आणि त्याला काही मायक्रोअँपिअर पुरतात. खप ५ मायक्रोअँपिअर धरला तर सेल ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षे जावा. इंटेलच्या पुस्तिका मात्र भिंतीच्या प्लगातून काढलेल्या संगणकासाठी तीनच वर्षे सांगतात. कळीचा शब्द ‘प्लगातून काढलेल्या’ हा. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल, तर एसएमपीएसमधून (संगणकाच्या वीजपुरवठा-पेटीतून) येणारी ५ व्होल्टची राखीव वीज घड्याळ सांभाळते आणि सेल जवळजवळ विश्रांती घेतो. आपल्याकडे काम झाले की बटण बंद करायचे, हा संस्कार. विजांच्या दिवसांत तो योग्यही आहे, पण त्याची किंमत सेल मोजतो. निसर्ग चक्रीवादळ (३ जून २०२०) रायगड किनाऱ्यावर आदळल्यानंतर जिल्ह्याच्या मोठ्या भागात दिवसेंदिवस लाइट नव्हती. अशा काळात घड्याळाचा सगळा भार सेलवरच पडतो.

सेल उतरल्याची पहिली खूण घड्याळात दिसते. तारीख बोर्डाच्या जन्मवर्षाच्या आसपास परत जाते. मग बँकेचे वा शासकीय संकेतस्थळ ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत उघडत नाही, कारण त्या जुन्या तारखेला संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अस्तित्वातच आलेले नसते. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात.

सेल बदलण्यापूर्वी सेटअपच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा. नंतर प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, कडेचा चाप मागे सारून सेल काढावा व नवा अधिक खूण वर ठेवून बसवावा. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळल्यास अन्ननलिका भाजते. बदलानंतर तारीख, बूटचा क्रम आणि विशेषतः साटा (हार्डडिस्कच्या) जोडणीची पद्धत तपासावी. विंडोज एएचसीआय पद्धतीने बसवलेली असेल आणि मूळ मांडणीत आयडीई असेल, तर निळा पडदा व ०x७बी हा क्रमांक येतो. हार्डडिस्क धडधाकट असते. या टप्प्यावर घाबरून फॉरमॅट मारले जाते आणि घरातले फोटो जातात.

खारी हवा. मिठाचा कण सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपासून हवेतले पाणी शोषून विरघळू लागतो. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ही मर्यादा सहज ओलांडते. बोर्डावर बसलेली धूळ खारट असेल, तर तिचा ओलसर, वीजवाहक थर बनतो. सेलच्या दोन टोकांमध्ये अशा थराचा रोध १० लाख ओहम इतका भरला, तरी ३ मायक्रोअँपिअर वाया जातात, म्हणजे घड्याळ खाते जवळपास तितकेच. नवा सेल वर्षभरात उतरला तर दुकानदाराला दोष देण्याआधी सेलची बैठक पाहावी. तिच्या पातीवर हिरवट-पांढरा थर आढळला तर तो आधी साफ करावा.

‘मेमरी साइझ डिक्रीज्ड’ याचेही मूळ पुष्कळदा इथेच असते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, ही कारागिरांची सार्वत्रिक रीत. तिच्याबद्दल मतभेद आहेत : सोन्याचा मुलामा झिजतो व रबराचा चुरा खाचेत जातो, असा आक्षेप; तरी काम होते, असा अनुभव. आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कापड यांवर दोन्ही पक्षांचे एकमत दिसते.

इतर. ‘सीपीयू फॅन एरर’ : पंखा मंदावलेला. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप : डिस्प्ले कार्ड. २००० नंतरच्या काही वर्षांतील बोर्डांवर कपॅसिटरचे डोके फुगलेले दिसल्यास सेल बदलून उपयोग नाही.

फर्मवेअर अद्ययावत करणे. वादग्रस्त. सेल वा गंज यांवर तो उपाय नव्हे. आणि लिहिणे चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. इंटेलच्या बोर्डासाठी नवी आवृत्ती शोधणाऱ्याने लक्षात घ्यावे : इंटेलने डेस्कटॉप बोर्डांचा व्यवसाय सोडत असल्याचे जानेवारी २०१३मध्ये जाहीर केले.

सुटे भाग. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. जुन्या धाटणीची रॅम वा बोर्ड हवा असल्यास रेवसहून लाँचने मुंबईचा भाऊचा धक्का व तेथून ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग). जुनी पट्टी सोबत न्यावी. डीडीआर२ व डीडीआर३ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात.