मतदारयादी वाचायची कशी?

पीएचडी सुरू केली तेव्हा मला वाटायचं, मताधिकाराचा इतिहास म्हणजे राज्यघटनेतलं 326वं कलम. पण खरी गोष्ट सापडते ती मतदारयाद्यांत. हे काम 1948 मध्येच, म्हणजे घटना स्वीकारण्याच्याही आधी सुरू झालं होतं. तोवर मोजक्यांनाच मत होतं. आता 21 वर्षांच्या प्रत्येकाचं नाव लिहायचं होतं. कर्मचारी हे काम करता करताच शिकले.

घरोघरी गेल्यावर, विशेषतः उत्तरेत, अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. मग नोंद झाली: अमक्याची आई, तमक्याची बायको. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी नाकारल्या. शेवटी सुमारे 28 लाख बायका यादीतून गळाल्या आणि 1951-52 च्या निवडणुकीत त्यांना मत देता आलं नाही.

सेन चुकले का? त्यांचा आग्रह होता की बाई स्वतःच्या नावानेच मतदार व्हावी. पण त्या आग्रहाची किंमत त्याच बायकांनी मोजली. दोन्ही खरंय.

म्हणून मित्रांनो, कुठलीही यादी हातात घ्याल तेव्हा आधी विचारा: ही कुणी लिहिली, कुठल्या सूचनेवरून, आणि यात कोण नाही?