पार्टिशन अलाइनमेंट

संगणकाच्या डिस्कवरील पार्टिशनची सुरुवात डिस्कच्या प्रत्यक्ष सेक्टरच्या सीमेवर येईल, अशी आखणी करणे. ही सीमा चुकली तरी संगणक कसलाही एरर दाखवत नाही. फाइली उघडतात, सेव्ह होतात. डिस्क तेवढी संथ चालते. त्यामुळे दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही आणि खापर विंडोजवर किंवा व्हायरसवर फुटते.

जुन्या हार्ड डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटचा असे. डॉसपासून विंडोज एक्सपीपर्यंत पहिले पार्टिशन सेक्टर क्रमांक ६३ पासून सुरू होई. डिस्कची मोजणी सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांच्या हिशोबाने चाले. एका ट्रॅकवर ६३ सेक्टर धरत आणि पहिला ट्रॅक एमबीआरसाठी, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या बूट-नोंदीसाठी, सोडून देत. पुढे डिस्कची प्रत्यक्ष रचना पार बदलली, तरी हा आकडा टिकून राहिला. तोवर त्याने काही बिघडतही नव्हते.

बिघडले ते ४,०९६ बाइटचे सेक्टर आल्यावर. मोठ्या सेक्टरमध्ये चूक-दुरुस्तीच्या माहितीला कमी जागा लागते, म्हणून उत्पादकांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड फॉरमॅट’ स्वीकारला. वेस्टर्न डिजिटलच्या अशा डिस्क २००९ च्या अखेरीस बाजारात आल्या आणि जानेवारी २०११ पर्यंत नवी मॉडेल याच पद्धतीची करायचे उत्पादकांच्या ‘आयडेमा’ या संघटनेत ठरले. जुन्या सिस्टीम अडू नयेत म्हणून बहुतेक डिस्क बाहेरून ५१२ बाइटचेच सेक्टर दाखवतात. या प्रकाराला ५१२ई म्हणतात. आत मात्र असे आठ सेक्टर मिळून एक खरा सेक्टर होतो.

६३ ला आठाने पूर्ण भाग जात नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीमचा नेहमीचा क्लस्टर, म्हणजे फाइली साठवण्याचे एकक, ४ केबीचा असतो; नेमका एका खऱ्या सेक्टरएवढा. पार्टिशन ६३ पासून सुरू झाले की प्रत्येक क्लस्टर दोन सेक्टरांवर पसरतो : एक अष्टमांश अलीकडच्यात, सात अष्टमांश पलीकडच्यात. एक क्लस्टर लिहायचा तर डिस्कला दोन्ही सेक्टर आधी वाचावे लागतात, त्यांत बदल करावा लागतो आणि तबकडी फिरून पुन्हा जागेवर आली की लिहावे लागते. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कवर ही एक फेरी सुमारे ११ मिलिसेकंदांची. एखादी मोठी फाइल सलग कॉपी करताना ते फारसे जाणवत नाही. हजारो बारीक फाइली लिहिताना संगणक रखडतो. एसएसडीत तबकडी नसते, तरी तिथेही पान आणि ब्लॉक यांच्या सीमा असतात. त्या चुकल्या की जास्तीचे लिखाण होते आणि मेमरी लवकर झिजते.

विंडोज व्हिस्टापासून पहिले पार्टिशन साधारणपणे १ एमआयबीवर, म्हणजे सेक्टर २०४८ वर ठेवले जाऊ लागले. लिनक्सच्या एफडिस्क आणि पार्टेड या साधनांनीही पुढे तोच नेम धरला. एक्सपीवाल्यांसाठी वेस्टर्न डिजिटलने काही डिस्कवर ७ आणि ८ या पिनांवर जंपर लावायची सोय दिली होती. जंपरमुळे प्रत्येक पत्ता एकाने सरके आणि ६३ चा ६४ होई. पण त्याच डिस्कवर नंतर विंडोज ७ टाकले आणि जंपर तसाच राहिला, तर २०४८ चा २०४९ होऊन सरळ असलेले वाकडे होई.

तपासणी सोपी आहे. विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये डिस्कखाली ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ बाइटमध्ये दिलेला असतो. त्याला ४,०९६ ने भागावे. ३२,२५६ आला तर उत्तर ७.८७५, म्हणजे पार्टिशन चुकलेले. १०,४८,५७६ आला तर बरोबर २५६. फक्त सी ड्राइव्ह तपासून थांबू नये. जुनी साधने डी आणि ई यांच्या सीमा १६,०६५ सेक्टरांच्या सिलिंडरावर बेतत. अशा सीमांपैकी आठांतून एखादीच योगायोगाने जुळते.

आज हा प्रश्न बहुधा जुन्या डिस्कचा क्लोन एसएसडीवर घेताना येतो, कारण काही क्लोनिंग सॉफ्टवेअर सुरुवातीचा सेक्टरही जसाच्या तसा उचलतात. कारखान्यांत एखाद्या यंत्राच्या सॉफ्टवेअरपायी एक्सपीवरच राहिलेला संगणक भेटणे नवलाचे नाही आणि त्याची डिस्क बदलणाऱ्याने ही तपासणी चुकवू नये. नवी डिस्क रिकामी असतानाच जीपार्टेड या पार्टिशन करण्याच्या साधनात ‘अलाइन टू’समोर ‘एमआयबी’ निवडून पार्टिशन करावे. ‘सिलिंडर’ निवडू नये. अशा तयार पार्टिशनवर एक्सपी व्यवस्थित बसते.

भरलेले पार्टिशनही जीपार्टेडने सरकवता येते. पण तेव्हा त्यातला सगळा डेटा हलतो, तासन्‌तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर सारेच जाते. आधी वेगळ्या डिस्कवर बॅकअप घेऊन तो उघडून पाहावा; त्याशिवाय या वाटेला जाऊ नये. पार्टिशन सरकवल्यावर विंडोज सुरू झाले नाही, तर इन्स्टॉलेशन सीडीवरून बूट दुरुस्त करावे लागते. १ एमआयबीच्या सीमांवर आखलेल्या डिस्कवर एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून नवे पार्टिशन करणे टाळावे. त्यात लॉजिकल ड्राइव्ह नाहीसे होऊ शकतात.