जात्यावरची रोजनिशी

रब्बी ज्वारीचे 'मालदांडी एम ३५-१' हे नामांकित वाण सोलापूरकडच्या मोहोळ तालुक्यातल्या संशोधन केंद्रातले. या मुलखातल्या शेतकऱ्याच्या पोरीची रोजनिशी शोधायची तर वहीच्या आधी ज्वारीकडे बघावे लागते. ज्वारीचे शिळे पीठ चिकटपणा सोडते, भाकरी थापताना तुटते. म्हणून दळण रोजचे, आणि तेही पहाटे.

खुंट्याला हात घालून समोरासमोर दोघी बसायच्या. त्यातली एक पुष्कळदा बारा-तेरा वर्षांची नवी सून. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ असावे एवढे ठरवायलाही १९२९ चा शारदा कायदा यावा लागला, यावरून काय ते समजावे. तिला अक्षर येत नव्हते. जात्यात दाणे वैरता वैरता ती ओवी म्हणायची: भाऊ मुराळी होऊन कधी येईल, आईला कोणी निरोप सांगेल का, पाऊस का लांबला. सासू समोरच बसलेली असेल तर गाऱ्हाणे जात्याला सांगायचे, नाहीतर पंढरीच्या विठूला. देवाला सांगितलेल्या गोष्टीबद्दल सुनेला जाब कोण विचारणार?

ही सवय जुनी आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त सापडते. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ओवीतून गीता सांगितली. तिथून पुढे ओवीचा मान ग्रंथांना मिळाला. जात्यावरच्या बाईचे नाव कुणी विचारले नाही.

नाव विचारण्यात अर्थही नव्हता. आईची ओवी लेक सासरी न्यायची आणि त्यात मामाच्या जागी आपल्या भावाचे नाव घालायची. कागदावरची रोजनिशी एकटीची असते, कुलपात राहते. ही मात्र जिच्या तोंडी गेली तिची झाली, आणि माझ्या मते म्हणूनच ती इतकी टिकली.

मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बाईच्या खांद्यांना आराम मिळाला, त्याबद्दल हळहळणाऱ्याने आधी पायलीभर ज्वारी दळून बघावी. पण पहाटेची बैठक मोडली. तोवर काही जण कागद घेऊन बसले होते. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या जमवल्या. जळगावकडे, तेराव्या वर्षी लग्न झालेल्या निरक्षर बहिणाबाई चौधरींची गाणी मुलगा सोपानदेव वहीत उतरवून घेई. डिसेंबर १९५१ मध्ये त्या गेल्या. ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून काम उभारून हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. 'पारी' हे संकेतस्थळ २०१७ पासून त्या ऐकवते आहे.

इथे ओवीखाली गाणारीचे नाव आणि गाव लागले. इतक्या शतकांनी सही मिळाली, ही मोठीच भरपाई. पण सही झालेल्या ओवीत पुढची पोर आपल्या भावाचे नाव कशी घालणार? तेवढी मोकळीक लग्नघरात उरली आहे. हळद दळायला जाते बाहेर निघते, सुपारी बांधली जाते, आणि त्या ओव्यांत नवरीचे नाव दर लग्नात नवे असते.