तळटीप : मास्ट पेशींच्या सक्रियतेचे विकार

त्वचा, श्वासमार्ग व आतडी यांच्या अस्तरालगत वसणाऱ्या आणि हिस्टामिन, ट्रिप्टेज यांसारखी रसायने कणांत साठवणाऱ्या या प्रतिकारपेशींचे वर्णन पाउल एर्लिख यांनी 1878 मधील प्रबंधात केले; त्या अवाजवी प्रमाणात रिकाम्या होऊ लागल्या की अंगावर गांधी उठणे, पोटात मुरडा येणे, धाप लागणे, रक्तदाब एकाएकी उतरणे अशी लक्षणे झटक्याने उद्भवतात. ही लक्षणे इतर अनेक आजारांतही दिसत असल्याने केवळ त्यांच्या यादीवरून निदान करणे धाडसाचे ठरते. किमान दोन इंद्रियसंस्थांत वारंवार येणारे झटके आणि हिस्टामिनरोधक आदी औषधांनी पडणारा उतार यांबरोबरच रक्ताचा पुरावाही लागतो : झटका सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत मोजलेले ट्रिप्टेज हे, झटका पूर्ण ओसरल्यावर किमान 24 तासांनी मोजलेल्या मूळ पातळीच्या 1.2 पटीत 2 मिळवून येणाऱ्या आकड्याइतके (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) तरी भरावे लागते. मूळ पातळी 5 असलेल्या रुग्णात 8 पर्यंतची वाढ अर्थपूर्ण असते. पण अहवालावर सर्वसाधारण मर्यादा बहुधा 11.4 छापलेली असल्याने तीच वाढ ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला पडते, आणि गफलत होते ती येथेच. प्रस्तुत ग्रंथात ‘सिंड्रोम’ ही संज्ञा या तिन्ही अटी पूर्ण झाल्या आहेत तेथेच योजली आहे.