इंजिन तीनवर चालतंय

राहू हे दौंड तालुक्यातलं गाव. भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. मुळा-मुठा आणि भीमेच्या पाण्यावर इथं ऊस वाढला, उसावर गुऱ्हाळं उभी राहिली आणि या दोन्हींच्या मागोमाग इंजिन आलं. म्हणून आमच्या मेकॅनिकीचा इतिहास मोटारीपासून नव्हे, नदीकाठच्या ऑइल इंजिनापासून सांगावा लागतो. 1946 साली खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. वस्त्यांवर वीज पोचायच्या आधी असली इंजिनं नदीचं पाणी उचलत आणि गुऱ्हाळाचा चरखा फिरवत.

माझे चुलते, आण्णा, हे काम या इंजिनांवरच शिकले. एका सिलेंडरचं इंजिन, त्यामुळे एक ठोका जरी चुकला तरी शिवारभर ऐकू जायचा. बांधावरूनच आण्णा म्हणायचे, “नोझल गळतंय, पाना आण.” मीटर नव्हतं, पुस्तक नव्हतं, ही विद्या कानावर चालली. पुढं ट्रॅक्टर आले, जीपगाड्या आल्या, आणि ऊसवाल्या बागायतदारांच्या दारात सेकंडहँड फियाट उभ्या राहू लागल्या.

या फियाटचं मूळ तसं आमच्या शेजारचंच. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 निघाली आणि 1974 पासून तीच पद्मिनी म्हणून विकली गेली. 1089 सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन, ठिणगी पडण्याचा क्रम 1-3-4-2. ही गाडी उभ्या जागी थडथडायला लागली की गिऱ्हाईक यायचं, “मिसिंग होतंय.” आण्णा बॉनेटवर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, “तीनवर चालतंय.”

पुढचं काम ठरलेल्या क्रमानं व्हायचं. आधी करंट, मग पेट्रोल, मग हवा. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. इंजिन आणखी बसलं तर तो सिलेंडर काम करतोय, काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. मग तिथला मायकोचा प्लग खोलायचा आणि उन्हात धरून बघायचा. विटकरी रंग असेल तर जळण बरोबर. काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर हवा जास्त, तेलकट असेल तर रिंगांकडे बघा. डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचं, झाकण काढून पॉइंट पॉलिश पेपरनं घासायचे, फिलर गेजनं फट लावायची. एवढ्यानंही भागलं नाही तर कार्बोरेटरच्या बुडाशी तेलाच्या कॅनमधून थेंब सोडायचे. थेंब पडताच इंजिन क्षणभर सुधारलं की समजायचं, तिथल्या गॅस्केटमधून हवा घेतंय. या तपासाला खर्च काही नव्हता आणि तो चुकायचाही क्वचित. मला आजही याहून नेटकी तपासणी माहीत नाही.

1 एप्रिल 2000 पासून देशभर धुराचे नवे नियम लागू झाले. कार्बोरेटर मागं पडला, इंजेक्टर आणि संगणक आले. त्याच सुमारास पद्मिनीचं उत्पादनही थांबलं. त्या काळातल्या मारुतींमध्ये डायग्नोसिसच्या कनेक्टरमधल्या दोन पिना तारेनं जोडल्या की डॅशबोर्डवरची इंजिनची लाइट लुकलुकायची. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे 12, म्हणजे संगणकाच्या लेखी सगळं ठीक. दुसरा आकडा आला तर तक्ता काढायचा. हातात वायरचा तुकडा घेऊन आम्ही लाइट मोजत बसायचो. कानाचं काम डोळ्याकडे आलं ते असं.

ही लाइट मुळात मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मली नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. कॅलिफोर्नियात धुरानं लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, म्हणून पुढं तिथल्या सरकारनं 1988 पासून गाडीनं स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत अशी सक्ती केली. 1996 पासून अमेरिकेत सगळ्या नव्या मोटारींना एकच 16 पिनांचं सॉकेट आणि एकसारखे कोड आले. आपल्याकडे बीएस-4 च्या नियमांबरोबर 2010 मध्ये या सक्तीचा पहिला टप्पा आणि 2013 मध्ये दुसरा टप्पा लागू झाला. म्हणजे संगणक पाळत ठेवतो ती धुरावर. इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे त्याचे रबरी आधार, बसलं तर अख्खी गाडी थरथरते, पण त्याला कोड नाही. टॅपेट थोडे घट्ट झाले तरी बरेचदा लाइट लागत नाही. पी0301 म्हणजे पहिल्या सिलेंडरला मिसिंग. ते प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, हे कोड सांगत नाही. आण्णांची वायर काढून बघायची पायरी तेवढी त्यानं उरकलेली असते, पुढच्या सगळ्या आपल्याच.

ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर वस्तीकडे पळतात आणि बॉनेटखालच्या उबेला बसतात. अशाच दिवसांत एक जुनी गाडी माझ्याकडे आली. उभ्या जागी इंजिन गचके खायचं, रेस दिली की सुरळीत. कोड पी0171, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. दुसऱ्या एका गॅरेजनं सायलेन्सरच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर बदलला होता, मालकाचे पैसे गेले आणि लाइट पुन्हा लागली. मी हवेच्या सेन्सरपासून पुढं रबरी नळ्यांवर बोट फिरवत गेलो. ब्रेक बूस्टरच्या नळीच्या पोटाला, वरून दिसणार नाही अशा जागी, उंदराच्या दातांची भोकं होती. थ्रॉटल बंद असताना आतली ओढ सर्वांत जास्त, त्यामुळे न मोजलेली हवा तिथून आत शिरायची. रेस दिली की मोजलेल्या हवेपुढं ती नगण्य व्हायची. ऑक्सिजन सेन्सर पहिल्यापासून खरंच बोलत होता, आणि खरं सांगणाऱ्यालाच लोकांनी काढून टाकलं होतं. असं बघितलं की मला वाईट वाटतं. त्यात गरिबाचा पैसा जातो आणि विद्येची बेअब्रू होते.

आज आमच्या भागातली आयटीआयची मुलं मोबाइलला जोडायचं काडेपेटीएवढं यंत्र सॉकेटला लावतात आणि क्षणात कोड वाचतात. मला त्याचा आनंदच आहे. आण्णांच्या हाती ते असतं तर त्यांनी ते सोडलं नसतं. या मुलांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे. पार्ट मागवण्याआधी प्लग उन्हात धरून बघा, नळ्यांवर हात फिरवा, फाउंडेशन हलवून बघा. आणि कोड पुसायची घाई करू नका. आधी तो वहीत उतरवून घ्या, कारण बिघाड झाला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती फेऱ्यांवर होतं, याची नोंदही संगणकानं कोडबरोबर ठेवलेली असते, आणि कोड पुसला की तीही जाते.